रेड बॅज ऑफ करेज मधला सूर्य, खार आणि झाडांचं चॅपल, ही धर्माची प्रतीकं समजायची का?

गोदाकाठची_वाचक

नमस्कार सगळ्यांना. मी एमए इंग्लिशच्या दुसऱ्या वर्षाला आहे, नाशिकलाच. शुक्रवारी सेमिनार आहे आणि माझ्या वाट्याला स्टीफन क्रेनची द रेड बॅज ऑफ करेज आलीय, विषय निसर्ग आणि धर्माची प्रतीकं. कादंबरी दोनदा वाचून झाली, फार आवडली, पण गाईडमध्ये जे लिहिलंय ते मला पटत नाहीये आणि का पटत नाही ते नीट सांगताही येत नाहीये म्हणून इथे विचारतेय.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. १८९५ ला पुस्तक आलं, अमेरिकेतलं यादवी युद्ध. हेन्री फ्लेमिंग नावाचा शेतकऱ्याचा पोरगा आईचं न ऐकता सैन्यात भरती होतो, दुसऱ्या हल्ल्यात घाबरून पळतो, रानात भटकतो, जखमींच्या रांगेत त्याला त्याचा उंच मित्र जिम कॉंकलिन भेटतो आणि त्याच्या डोळ्यांसमोर मरतो. पुढे पळून जाणाऱ्या आपल्याच एका सैनिकाच्या बंदुकीचा दस्ता डोक्यात बसून हेन्रीला जखम होते, तो पलटणीत परत येतो, सगळ्यांना वाटतं गोळी लागलीय, आणि दुसऱ्या दिवशी तो झेंडा घेऊन सगळ्यात पुढे असतो.

गाईड म्हणतं जिम कॉंकलिन म्हणजे येशू ख्रिस्त, कारण इंग्रजीत दोघांची आद्याक्षरं जे सी, कुशीत जखम, आणि तो मरतो तेव्हा नवव्या प्रकरणाच्या शेवटी ते फेमस वाक्य येतं की लाल सूर्य आकाशात वेफरसारखा चिकटवला होता. वेफर म्हणजे चर्चमध्ये प्रभुभोजनाला देतात ती पवित्र भाकरीची चकती. झालं, दोन पानांत विषय संपला. मग सातव्या प्रकरणातल्या, हेन्रीने बोंड मारल्यावर पळणाऱ्या खारीचं काय? पाईनच्या झाडांनी कमान करून चॅपल, म्हणजे छोटं प्रार्थनाघर केलंय, तपकिरी सुयांचा गालिचा, देवळात असतो तसा अर्धा उजेड, आणि आत झाडाला टेकून एक मेलेला सैनिक बसलाय, निळा युनिफॉर्म विटून हिरवट झालेला आणि चेहऱ्यावरून मुंग्या फिरतायत, एक मुंगी वरच्या ओठावरून कसलंसं गाठोडं ढकलत नेतेय. ते वाचून मी पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन उभी राहिले होते. ह्याला नुसतं 'धार्मिक प्रतीक' म्हणून टिकमार्क कसा करायचा? क्रेन धर्माच्या बाजूने बोलतोय का विरोधात, का तिसरंच काही? कोणी नीट वाचली असेल तर प्लीज सांगा.

शरणपूरकर

वेफरबद्दल मी सांगू शकते. आमच्या घरात चार पिढ्या ख्रिस्ती आहेत आणि मी स्वतः साहित्य शिकवते, त्यामुळे हा सूर्य मला दोन्हीकडून भेटलेला आहे.

जिम म्हणजे ख्रिस्त आणि सूर्य म्हणजे पवित्र भाकरी हे वाचन रॉबर्ट स्टॉलमन ह्या समीक्षकाचं, १९५१ च्या सुमाराचं. गाईडवाल्यांनी ते तिथून उचललंय. त्यावर तेव्हाच बाकीचे समीक्षक तुटून पडले होते आणि भांडण बरीच वर्षं चाललं. विरोधकांचं म्हणणं साधं होतं. एकोणिसाव्या शतकात वेफर म्हणजे पाकीट बंद करायची पिठाची छोटी गोल चकतीसुद्धा, आणि ती बहुतेक वेळा लाल असायची. ओली करून चिकटवायची. आता क्रियापद बघ, क्रेनने 'चिकटवला' असं लिहिलंय. प्रभुभोजनाची भाकरी कोणी कशाला चिकटवत नाही, पाकीट चिकटवतात. आपल्याकडचं जवळचं सांगायचं तर लाखेचा शिक्का. पत्र लिहून संपलं, वरून सील मारलं, आता आत काही घालता येणार नाही. जिम मेला, हेन्री रणांगणाकडे वळून मूठ उगारतो, काहीतरी मोठं बोलायच्या आवेशात एकच शब्द बाहेर येतो आणि वर आकाशाला सील मारलेलं. माझ्या मते हे वाचन जास्त जड आहे, कारण त्यात उत्तर मिळतच नाही.

आद्याक्षरांवर तर अजिबात उभी राहू नकोस. क्रेनने हस्तलिखितावर परत हात फिरवताना बऱ्याच ठिकाणी नावं काढून 'तो पोरगा', 'उंच सैनिक', 'मोठ्या आवाजाचा सैनिक' असं केलं. ज्याला जे सी वाचकाच्या डोळ्यात भरवायचंय तो नाव झाकेल का?

पण म्हणून धर्म नाहीच असंही म्हणू नकोस. क्रेनचे वडील मेथडिस्ट ह्या ख्रिस्ती पंथाचे पाळक, म्हणजे धर्मगुरू होते, हा आठ वर्षांचा असताना ते गेले. जिमच्या मरणाचं वर्णन परत वाच, त्यात विधी, संस्कार असे शब्द आहेत, आणि जिम एखाद्या वेड्या धर्माच्या भक्तासारखा दिसतो असं सरळ लिहिलंय, रक्त शोषणारा, हाडं मोडणारा धर्म. आणि ज्याची कूस लांडग्यांनी चावल्यासारखी झालीय असा माणूस शेवटी झाड पडावं तसा सरळ पडतो. तारण वगैरे तिथे काही नाही ग. गुड फ्रायडेच्या उपासनेत येशूचा वधस्तंभावरचा सातवा, शेवटचा उद्गार झाल्यावर आमच्याकडे थोडा वेळ कोणीच काही बोलत नाही, तेवढाच वेळ मला त्या पानावर सापडतो. पुढचा, पुनरुत्थानाचा रविवार त्या पुस्तकात येत नाही.

तोफखाना_निवृत्त

पोरी, मी साहित्याचा माणूस नाही. २४ वर्षं तोफखान्यात काढली, देवळालीला कोर्स केले, आता नाशिकरोडला असतो. हे पुस्तक मला एका तरुण ऑफिसरने दिलं होतं, डिक्शनरी घेऊन वाचलं. तीन गोष्टी सांगतो, तुला उपयोगी पडल्या तर बघ.

पहिली. पाचव्या प्रकरणाच्या शेवटी पहिला हल्ला परतवून लावल्यावर हेन्री वर बघतो आणि त्याला नवल वाटतं की आभाळ निळंच आहे, झाडांवर ऊन चमकतंय, एवढं सगळं होऊन निसर्गाचं आपलं चालूच आहे. १९९९ ला मी द्रासला होतो. रात्रभर फायर, बॅरल एवढी तापलेली की जवळ उभं राहवत नाही, पहाटे फायर बंदचा हुकूम आला आणि कानात नुसती शिट्टी. खाली बघितलं तर तोफेच्या चाकापाशी बोटाएवढं जांभळं फूल, त्याच्यावर आमच्या सगळ्यांच्या तोंडावर होती तीच धूळ, पण उभं. मला त्या फुलाचा राग आला होता. खरंच राग आला. नंतर त्याच फुलाकडे बघून मी डब्यातली पोळी खाल्ली. हे क्रेनला कसं कळलं मला माहीत नाही, त्याचा जन्म १८७१ चा म्हणजे ते युद्ध संपून सहा वर्षं झालेली, आणि पुस्तक लिहिलं तेव्हा त्याने एकही लढाई बघितलेली नव्हती. बातमीदार म्हणून ग्रीसला आणि क्युबाला गेला तो नंतर.

दुसरी. जिमला मरणाची भीती वाटत नाही. त्याला भीती वाटते ती तोफांच्या गाड्यांची. रस्त्यात पडलो तर गाड्या अंगावरून जातील, मला फक्त रस्त्याच्या बाजूला ओढ एवढंच तो मित्राकडे मागतो. आणि खरंच मागून बॅटरी, म्हणजे तोफांची तुकडी धडधडत येते. तू प्रतीकं शोधतेस म्हणून सांगतो, मी ते पान वाचताना ती बॅटरी चालवणारा होतो. घोडे सोडलेत, हुकूम आहे, पुढे पोचायचंय, रस्त्यात कोण पडलंय ते दिसत नाही. तिथे मला कोणी ख्रिस्त दिसला नाही, रस्त्याच्या कडेला व्हायला धडपडणारा जवान दिसला.

तिसरी गोष्ट झेंड्याची. एकोणिसाव्या प्रकरणात धावताना हेन्रीला झेंडा म्हणजे तेजस्वी देवी वाटते, आपल्याला बोलावणारी, तिला काही होऊ शकत नाही अशी. शहरी माणसाला हे अतिशयोक्ती वाटेल. आमच्या तोफखान्यात वेगळं निशाण नसतं, तोफ हेच निशाण. दसऱ्याला तोफेला हळदकुंकू, झेंडूचा हार, नारळ. पूजा करणाऱ्याला चांगलं माहीत असतं की हे लोखंड आहे, ग्रीस त्यानेच भरलेलं असतं. तरी हात जोडले जातात, कारण दुसऱ्या दिवशी तिच्याशेजारी उभं राहायचं असतं. ह्याच पुस्तकात युद्धाला रक्त पिऊन फुगलेला देवही म्हटलंय. म्हणजे एकाच मैदानात देवीही आहे आणि तो देवही आहे, आणि पोरगा एकच. हे सेमिनारमध्ये नक्की बोल.

पिंपळपार

खारीवर कोणीच बोललं नाही आणि माझ्या मते सगळी किल्ली तिथेच आहे.

सीन परत डोळ्यासमोर आण. हेन्री पळून आलाय, आपल्या बाजूने लढाई जिंकली असं कळलंय म्हणजे पळायची गरजच नव्हती, आतून जळतोय, रानात शांत वाटतं, निसर्ग म्हणजे दुःख न आवडणारी एक बाई आहे असं त्याच्या मनात येतं आणि तो एका खारीला पाईनचं बोंड फेकून मारतो. खार पळते, झाडावर चढून मागे वळून बघते. हेन्री खूश, बघा हा नियम आहे, धोका दिसला की खारसुद्धा पळते, निसर्गाने मला खूण दिली. पण बोंड त्याने फेकलंय! प्रश्नही त्यानेच विचारला आणि उत्तरही त्यानेच वाचलं.

आता मी एक घरचं सांगतो. आजोबांचं दशक्रिया रामकुंडावर होतं. नाशिकच्या लोकांना सांगायला नको तिथे सकाळी किती कुटुंबं असतात, एकाशेजारी एक पिंड मांडलेले, प्रत्येकाचे डोळे कावळ्यावर. आमच्या पिंडाला कावळा शिवेना. तासभर झाला, गुरुजी म्हणाले मनात काही राहिलं असेल तर बोला, मग एकेक जण पुढे होऊन हात जोडून बोलायला लागला, आजीला सांभाळू, धाकट्या आत्याचं लग्न नीट करून देऊ, काही नाही, कावळे कठड्यावर बसून नुसते माना वाकड्या करतायत. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववायचं चाललं होतं तेवढ्यात माझे मोठे काका, जे दहा दिवसांत एक शब्द बोलले नव्हते, ते पुढे आले आणि म्हणाले अण्णा, बागेची वाटणी करणार नाही. दिंडोरीकडे द्राक्षाची बाग आहे आमची, तिच्यावरूनच दोन वर्षं घरात धुसफूस होती. आणि कावळा आला. सरळ भाताच्या गोळ्यावर. काका तिथेच ओल्या पायरीवर बसून हमसून रडले, मी त्यांना त्याआधी रडताना बघितलेलं नव्हतं.

मी बाजूला उभा होतो म्हणून मला पुढचंही दिसलं. तोच कावळा दोन घास खाऊन उडी मारून शेजारच्या पिंडावर गेला, तिथेही एक बाई डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती आणि तिचा चेहरा एकदम सैल पडला.

कावळ्याला बागेचं काही माहीत नव्हतं. पण बाग आजही एकत्र आहे. म्हणून मला हेन्रीला खोटारडा म्हणवत नाही, आणि काकांना तर नाहीच नाही. माणूस एवढा अडकलेला असतो की त्याला बाहेरून कोणीतरी बोलायला हवं असतं, मग खार बोलते, कावळा बोलतो. फरक एवढाच की काकांनी खूण मिळाल्यावर स्वतःवर ओझं घेतलं आणि हेन्रीने खूण मिळाल्यावर ओझं टाकलं. आणि क्रेनने लगेच पुढच्या पानात त्याला त्या झाडांच्या चॅपलमध्ये नेलं, हिरवी दारं हळूच ढकलून तो आत जातो, जिथे देव असायला हवा तिथे मुंग्या लागलेला माणूस. तो किंचाळतो, थिजतो आणि मग तिथून पळतो. आणि आठव्या प्रकरणात तेच रान त्याला अडवायला लागतं, काटेरी वेलींच्या साखळ्या होतात, झाडं हात पसरून जाऊ नको म्हणतात. रान तेच आहे. बदललाय तो पोरगा. सेमिनारला एवढं एक सूत्र धरलंस तरी पुरे, ह्या पुस्तकात निसर्ग काय बोलतो हे त्या वेळी हेन्रीला काय ऐकायचंय किंवा कशाची भीती वाटतेय त्यावर ठरतं.

जुना_विद्यार्थी

पिंपळपार, रामकुंडाचं वाचून गप्प झालो. पण सूत्र अर्धंच बरोबर आहे असं मला वाटतं.

सगळंच हेन्रीच्या मनातलं म्हटलं तर क्रेनचे स्वतःचे शब्द कुठे टाकायचे? आठव्या प्रकरणाचं पहिलंच वाक्य घ्या, झाडं हळू आवाजात संध्याकाळचं स्तोत्र गायला लागतात, उन्हं तिरपी होतात, किडे माना झुकवून प्रार्थनेला थांबल्यासारखे गप्प होतात. हेन्री तर त्या वेळी प्रेतापासून पळून धाप टाकतोय, त्याला स्तोत्र कुठलं सुचतंय! हे निवेदक बोलतोय. आणि ती शांतता पुरी व्हायच्या आत लांबून युद्धाचा प्रचंड आवाज उसळतो. आपल्याकडे तिन्हीसांजेला काळारामाच्या दारात उभे आहात, आतून आरतीचा पहिला टाळ ऐकू येतोय आणि त्याच क्षणी डोंगराआडून तोफा सुरू झाल्या तर कसं वाटेल, तसं ते आहे. त्यामुळे धर्माची भाषा ही पात्राची गरज आहे तशी लेखकाचीही आहे. तो तिची टिंगल करतोय असं मला कुठेच जाणवलं नाही.

शेवटचं वाक्यही सोडू नका. पाऊस, चिखल, थकलेली रांग आणि शिशासारख्या ढगांतून नदीवर एक सोनेरी किरण. हेन्री खरंच मोठा झाला का पुन्हा एकदा आकाशात स्वतःला हवं ते वाचतोय, ह्यावर समीक्षक आजही दोन गटांत आहेत. मी पहिल्या गटात आहे, कारण त्याच्या जरा आधी त्याला कळलेलं असतं की मरण हे शेवटी मरणच आहे, आणि हे कळायला त्याला कुठल्याही खारीची गरज पडलेली नाही.

शरणपूरकर

जुना_विद्यार्थी, सहमत. पाळकाच्या घरात वाढलेल्याला मोठ्या गोष्टीसाठी दुसरी भाषा सहजी मिळत नाही. विश्वास राहो न राहो, स्तोत्रं तोंडात राहतात. आमच्या घरात दोन माणसं चर्चला यायची थांबली, पण लाईट गेली आणि मुलं घाबरली की अंधारात तीच दोघं रेव्हरंड ना. वा. टिळकांची ख्रिस्ती पदं म्हणतात. क्रेनकडे मी तसंच बघते. शेवटच्या किरणाबाबत मात्र मी दुसऱ्या गटात. तो पोरगा त्या फाटक्या कपड्यातल्या जखमी सैनिकाला माळावर एकट्याला सोडून आलाय, जो स्वतः मरायला टेकलेला असून ह्याचीच विचारपूस करत होता. ते त्याला शेवटच्या पानावरही टोचतं आणि मग तो ते बाजूला सारतो. एवढ्या लवकर ऊन पडलेलं मला चालत नाही.

गोदाकाठची_वाचक

सगळ्यांचे मनापासून आभार, काल रात्री दोन वाजेपर्यंत परत वाचत बसले होते. पीपीटी पूर्ण बदलली. आद्याक्षरं काढून टाकली, वेफरला एक स्लाईड ठेवलीय पण भाकरी आणि शिक्का दोन्ही अर्थ देऊन. झेंडा आणि दसऱ्याच्या तोफेची पूजा घेतेय, काका, तुम्ही म्हणालात ते 'तोफ हेच निशाण' तुमच्या नावाशिवाय वापरलं तर चालेल ना? आणि पिंपळपार दादा, रामकुंडाचं मी वर्गात सांगणार नाही, ते तुमचं आहे.

परत वाचताना एक सापडलं. खार पळाल्यावर हेन्री आपला सिद्धांत पक्का करून खुशीत पुढे निघतो, वाटेत दलदल लागते, तोल सांभाळत चालताना त्याला काळ्या पाण्यात एक छोटा प्राणी झेप घालताना दिसतो आणि तो लगेच चकाकणारा मासा घेऊन वर येतो. एवढंच, एक वाक्य. इथे कोणी बोंड फेकलेलं नाही, निसर्गाने आपण होऊन दाखवलंय, आणि ह्यावर हेन्री काहीच म्हणत नाही, नियम नाही, खूण नाही, तो दाट झाडीत शिरतो आणि थोड्याच वेळात चॅपलच्या दारात पोचतो. दोनदा वाचून मलाही तो मासा दिसला नव्हता. जुना_विद्यार्थी सर, हे वाक्य तुमच्या निवेदकाच्या बाजूचं धरायचं ना? शुक्रवारच्या आधी सांगितलंत तर बरं होईल, कारण मी सुरुवात तिथूनच करायची म्हणतेय.